हिराबाईनंतर कोण

२ नोव्हेंबर २०२५, दिघोरी

डायरीची सवय नागपूरच्या नोकरीत लागली. तिथे टीम लीडर रोज संध्याकाळी विचारायचा, दीपमाला, आज काय केलं. नोकरी गेली, सवय राहिली. तर आज काय केलं: महिला संघाची पाळीची यादी कॉम्प्युटरवर आणली.

संघाकडे धान चुरायची, म्हणजे मळणीची, मशीन आहे. सभासद सगळ्या बायका, त्यामुळे यादीत नावंही बायकांचीच. दिवाळी झाली, धान कापून पुंजणे म्हणजे गंज्या लागल्या, की गावात एकच विषय असतो, मशीन आपल्या खळ्यावर कधी येणार. पाळी अकारविल्हे लागते. आडनाव नाही, घर नाही, नुसतं नाव आणि बाराखडी. पण दरवर्षी अ पासून सुरू करायचं नाही. मागल्या साली जिथे थांबलो तिथून पुढे. मागल्या साली हिराबाईच्या खळ्यावर मशीनचा पट्टा तुटला आणि हंगाम तिथेच संपला. म्हणजे यंदा हिराबाईनंतर जी येईल ती पहिली.

हा नियम माझ्या आईने आणला, मी कॉलेजात होते तेव्हा. त्याआधी मशीन देवळापासून निघायची आणि उतरत उतरत आमच्या बौद्ध वस्तीत सगळ्यात शेवटी यायची. त्याला गावात 'वरून खाली' म्हणत. आईने भर सभेत सांगितलं, बाराखडी सगळ्यायची एकच आहे, तेच लावा. हा किस्सा मी इतक्यांदा ऐकलाय की आईच्या तोंडून 'बारा' निघालं की मी पाणी प्यायला उठते.

आजवर संघातली प्रतीक्षा हाताने यादी लिहायची. ती लग्न होऊन आंबागडला गेली म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी एक छोटा डेटाबेस केला, सगळ्यांची नावं भरली, नावावर क्रम लावायची एक ओळ लिहिली आणि बटण दाबलं. हिराबाईनंतर कोणीच नाही. मग फिरून वरून, अनुसया. अनुसया म्हणजे माझी सख्खी काकू. लगेच सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज गेले. काकूने बोलावून चहासोबत अनारसे दिले आणि म्हणाली, "पोरगी शिकली तं उपयोगाची झाली."

घरी येऊन आईला म्हटलं, तुम्ही जे भांडून मिळवलं ते मी एका ओळीत करून दाखवलं. आई तांदूळ निवडत होती. सूप उचलून आत गेली. दमली असेल.

४ नोव्हेंबर

सकाळी मशीन काकूच्या खळ्याकडे निघायची होती. निघाली नाही.

मी संघाचं ऑफिस उघडते तोच सेवकरामकाका आले. मशीनची शेड त्यांच्या जागेत आहे, त्यामुळे ते संघाचे कोणी नसून सगळं आहेत. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"हिराबाईच्या मांगून कोण येते वो?"

"अनुसयाकाकू. मेसेज आला नाही का तुम्हाला?"

"आला. माह्या सुनेच्या मोबाइलवर आला. म्हणूनच आलो. तू शाळेत कोणची बाराखडी शिकली? ह, ळ, क्ष, ज्ञ. माह्या सुनेचं नाव काय आहे?"

त्यांच्या सुनेचं नाव ज्ञानेश्वरी. यादीत आहे म्हणून मला ठाऊक, नाहीतर गावात त्या नावाने तिला कोणी हाक मारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

"ह नंतर ज्ञ. तुमच्या काकूचा अ कुठून आला मधात?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, "काका, कॉम्प्युटर जात पाहत नाही."

"कॉम्प्युटर नाई पाहत," ते म्हणाले, "चालवणारा पाहते."

आणि गेले. मी तणतणत यादी उघडली. ज्ञानेश्वरी जोत्स्नाच्या (ती स्वतःचं नाव असंच लिहिते) खाली बसलेली, ज च्या रांगेत. म्हणजे काका बरोबर होते. अंगाचा नुसता जाळ झाला. ते चुकले असते तर किती बरं झालं असतं.

दुपारी संघाच्या अध्यक्ष चंद्रभागाबाई आल्या. त्या समजूतदार बाई आहेत, पण त्यांचाही नाइलाज होता. सभा होईपर्यंत मशीन शेडमधून हलणार नाही. सभा नऊ तारखेला. सेवकरामकाकांनी विषयही देऊन टाकलाय: यादीचा घोळ बंद करा, मशीन पहिल्यासारखी वरून खाली चालवा.

५ नोव्हेंबर

कारण सापडलं. आपल्या शाळेच्या पाटीवर ज्ञ हे एक अक्षर आहे. कॉम्प्युटरच्या पोटात ते नाहीच. तिथे ज आहे, ञ आहे आणि दोघांना जोडणारी खूण आहे. त्यामुळे त्याने ज पाहिला आणि ज मध्ये टाकला. क्ष चं तसंच, तो क मध्ये जातो. ळ ला तर ल च्या पाठीशी बसवतो. त्याला आपली बाराखडी माहीतच नाही, तो स्वतःच्या आकड्यांच्या क्रमाने अक्षरं लावतो.

यावर उपाय असतो. कोणत्या भाषेच्या रिवाजाने क्रम लावायचा हे डेटाबेसला सांगता येतं, त्या सेटिंगला कोलेशन म्हणतात. नागपूरला दोन वर्षं डेटाबेसवर काम केलं, पण तिथे सगळी नावं इंग्रजीत, कधी गरजच पडली नाही. आमचा सर्व्हर भाड्याचा आहे. त्याच्या यादीत हिंदी दिसलं. देवनागरी ती देवनागरी, असा विचार करून लावलं.

ज्ञानेश्वरी जोत्स्नाच्या खालीच. हिंदीच्या रिवाजात ज्ञ ला वेगळं घर नाही, तो ज कडेच राहतो. इथे आपण अर्धं हिंदीत बोलतो, सिनेमे हिंदी, भांडणंही हिंदीत, पण बाराखडीचा शेवट वेगळा आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं.

आकाश ढगाळलंय. काकूचा धान अजून कडपा होऊन, म्हणजे कापून पसरलेला, भाताच्या बांधीत पडलाय, मशीन येणार म्हणून तिने पुंजणाच केला नाही. माझ्या मेसेजच्या भरवशावर.

६ नोव्हेंबर

जीवन, म्हणजे माझा भाऊ, म्हणतो मी उगाच डोकं फोडून घेत आहे. जेवताना म्हणाला, "आपल्या वस्तीले यंदा पयला नंबर भेटला. कॉम्प्युटरनं देल्ला. तुले कायले खाज सुटली तो वापस करायची?"

"कारण तो चुकीचा आहे."

"इतकी वर्सं वरून खाली चाललं, ते बरोबर होतं?"

मी भाजी वाढून घेतली.

मग त्यानेच दुसरी युक्ती सांगितली, आणि खरं सांगते, मला ती पटली. एक क्रमांकाचा रकाना करायचा. ज्ञानेश्वरीच्या नावापुढे आपल्या हाताने शेवटचा आकडा टाकायचा. काम पाच मिनिटांचं, सेवकरामकाका गप्प, मशीन सुरू.

आई इतका वेळ ऐकत होती. ताट बाजूला सारून म्हणाली, "हात नाई लावायचा."

"आई, एकाच नावाला लावते. आणि बरोबर जागीच बसवते."

"आज तू बरोबर जागी बसवशीन. उद्या तुह्या खुर्चीवर कोणी दुसरा बसन. यादीले एकदा हात लागला का मंग ते यादी नाई राहत, हात राहते. मी पाहिले ते हात."

एवढ्याशा रकान्यासाठी ती इतकी का चिडली हे मला कळलं नाही. जेवण अर्धं टाकून अंगणात जाऊन बसली. जीवन म्हणाला, म्हातारी हट्टी आहे. मी त्याला म्हातारी म्हणू नको म्हटलं, पण हट्टी आहे हे कबूल केलं.

तरी रकाना केला नाही. आईला घाबरून नव्हे. तिचं म्हणणं अर्धवट पटल्यासारखं वाटलं म्हणून, आणि थोडं घाबरूनही.

७ नोव्हेंबर

काकू विहाराच्या वळणावर भेटली. मी थांबले, ती थांबली नाही. मागे वळून एवढंच म्हणाली, "आपलीच पोरगी आपल्याले खाली ओढून राहिली."

ऑफिसात येऊन भाड्याच्या सर्व्हरवाल्यांना फोन लावला. मराठीचं कोलेशन हवंय म्हटलं. तिकडचा मुलगा गोड बोलायचा. "मॅडम, मराठी तो नहीं है अपने पास. आज तक किसीने मांगा ही नहीं. हिंदी डाल दो ना, सेम ही है."

सेम नाही हे त्याला मी चांगलं समजावून सांगितलं. कुठलीही शिवी दिली नाही, याची नोंद इथे करून ठेवते. पण त्यालाही त्यात काही करता येत नव्हतं.

मग बसून विचार केला. आमच्या डेटाबेसला सगळ्या जगाच्या भाषांचे रिवाज ठाऊक असलेला एक भाग जोडता येतो, फक्त तो बसवलेला हवा. त्यात मराठी आहे. ह, ळ, क्ष, ज्ञ, सगळं शाळेसारखं. कोणीतरी कुठेतरी बसून आपली बाराखडी त्यात नीट लिहून ठेवलीय. ते वाचताना फार बरं वाटलं. म्हणजे वेडी मी एकटी नाही.

सर्व्हरवाला देत नाही तर त्याला रामराम. ऑफिसचा कॉम्प्युटर जुना आहे, पण एका गावाच्या पाळ्या सांभाळायला पुरेसा. डेटाबेस त्यावरच बसवायचा. वीज गेली तर काय, हा प्रश्न आहे. बॅटरीचं चंद्रभागाबाईंशी बोलले. त्यांनी स्वतःच्या घरचं इन्व्हर्टर देऊ केलं. आणि म्हणाल्या, "दीपमाला, वरून खाली झालं तं मी अध्यक्ष राहत नाई. हे कोणाले सांगजो नको." डायरीला सांगितलं तर चालत असावं.

८ नोव्हेंबर

झालं.

आधी झालं नव्हतं. नवा डेटाबेस बसला, नावाच्या रकान्याला मराठी कोलेशन लावलं, यादी मागवली आणि ज्ञानेश्वरी थेट हिराबाईच्या खाली. मी खुर्चीतच टाळी वाजवली. मग पाठवायच्या मेसेजचा कागद छापून पाहिला तर तिथे पुन्हा जोत्स्नाच्या खाली. दोन तास डेटाबेसला दोष देत होते. शेवटी कळलं की मेसेज पाठवणारा प्रोग्राम आलेली यादी मोडून स्वतःच्या मनाने पुन्हा लावतो. तो प्रोग्राम लिहिणारी बाई कोण हे सांगायची गरज नाही. ती ओळ काढून टाकली.

मग एक-एक नाव आईला वाचून दाखवलं. ती घरून डबा घेऊन आली होती. तिने मध्ये कुठे टोकलं नाही. हिराबाई म्हटलं, ज्ञानेश्वरी म्हटलं, मग अनुसया. तिथे आईने विचारलं, "हात नाई लावला ना?"

"नाही लावला. कोणत्याही गावाची नावं टाका, असंच येईल."

"मंग बरं."

म्हणजे आता माझ्या मेहनतीने पहिली पाळी कोणाची? सेवकरामच्या घरची. जो माणूस उद्या उभा राहून ही यादीच बंद करा म्हणणार आहे, त्याचं खळं मी पहिलं करून ठेवलंय. आणि माझी काकू, जिचा धान ढगाखाली पडलाय, ती त्यानंतर. हे असंच आहे, आणि उद्या हेच सभेत वाचणार.

९ नोव्हेंबर

सभा ग्रामपंचायतीच्या आवारात झाली. बायका सतरंजीवर, पुरुष कडेने उभे. पुरुषांना मत नाही, पण उभे राहायला कोणाची मनाई नाही.

मी उभी राहिले. चूक काय झाली ते सांगितलं, कॉम्प्युटरला आपली बाराखडी माहीत नव्हती, आता शिकवलीय, आणि चूक त्याची नाही, न तपासता मेसेज पाठवले ही माझी. मग यादी वाचली. पहिलं नाव वाचलं तेव्हा आमच्या वस्तीतल्या बायका माझ्याकडे बघेनात. काकू पदराशी चाळा करत होती.

सेवकरामकाका पुढे आले. मोठ्या मनाने बोलल्यासारखं बोलले. "पोरीनं मेहनत केली, मान्य. आज यादी बरोबर आहे, तेही मान्य. पण आज बरोबर, उद्या पुन्हा बिघडन. या मशीनच्या मागं ते मशीन कायले पाहिजे? वरून खाली चालू द्या. कोणाले वाचा लागत नाई, कोणाले मेसेज लागत नाई. सगळ्यायले आपली जागा माहीत आहे."

आपली जागा माहीत आहे म्हणताना त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती. बऱ्याच माना हलल्या. मला वाटलं, गेलं. आईचे हात मांडीवर होते, ते तिने घट्ट धरले.

तेव्हा सतरंजीच्या मागच्या कोपऱ्यातून ती उठली. सेवकरामची सून. सासरा समोर म्हणून डोक्यावर पदर. इतकी हळू बोलली की चंद्रभागाबाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि तिला पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावलं.

"मामाजी, वरून खाली केलं तं दर साली आपलंच खळं पयलं. मले माहीत आहे. पण तवा विक्की मशीन घेऊन येते अन् पुसते, सेवकरामचं खळं कोणतं. मी या गावात आली तवापासून सचिनची बायको आहो, नाई तं सेवकरामची सून. मागच्या हप्त्यात पयल्यांदाच मोबाइलवर मेसेज आला. पाळी मांगं होती, चुकीची होती, पण त्याच्यात लिहून होतं, ज्ञानेश्वरी, तुमची पाळी. मी तो मेसेज ठेवला आहे. पुसला नाई."

ती थांबली. मला वाटलं बसेल. बसली नाही.

"पुढच्या साली मी सगळ्याच्या मांगं आली तरी चालन. पण माह्या नावानं येऊ द्या."

सेवकरामकाकांनी चप्पल पायात सरकवायला जास्तच वेळ घेतला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, सुनेकडे पाहिलं, आणि मग चंद्रभागाबाईंना म्हणाले, "घ्या मंग मत."

यादीसाठी हात वर झाले. आमच्या वस्तीतले तर झालेच, काकूचाही झाला, रागाने झाला पण झाला. देवळाच्या बाजूच्या बायकांचे हात वर यायला वेळ लागला. एकीने शेजारणीकडे बघून, दुसरीने तिच्याकडे बघून. मग एकदम पुष्कळ. मोजायची गरज पडली नाही. मी रडले. लिहायला लाज वाटते, पण रडले.

१० नोव्हेंबर

सकाळी ऊन होतं. विक्कीने मशीन शेडमधून काढली आणि चावडीजवळ थांबून मला नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने रस्त्यावरच मोठ्याने विचारलं, ज्ञानेश्वरीबाईचं खळं कोणतं. लोक हसले, पण दाखवलं.

आम्ही दोघी, आई आणि मी, बघायला गेलो. मशीनपुढे नारळ फोडायचा मान घरच्या कर्त्याचा असतो. सेवकरामकाका बैल धुवायला तळ्यावर गेले होते. बैल कालच धुतले होते असं कोणीतरी म्हणालं. नारळ ज्ञानेश्वरीच्या हातात होता. दोनदा आपटला, फुटला नाही. तिसऱ्यांदा फुटला. मग ती काकूला हाक मारून म्हणाली, "अनुसयाबाई, दुपारून तुमच्याकडं. कडपा उचलायले आमच्या घरचे दोघं पाठवू का?" काकूने पाठव म्हटलं. चेहरा तसाच फुगलेला, पण पाठव म्हटलं.

परत येताना बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आई पुढे, मी मागे. मला वाटलं जुना किस्सा निघणार, आणि आज पहिल्यांदा मला तो ऐकायचा होता. मीच म्हटलं, आई, तुमच्या त्या सभेचं सांगा ना, बाराखडीचं.

ती चालतच राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी आपल्या वस्तीसाठी भांडली होती. सेवकरामच्या घराच्या विरोधात भांडली होती. त्याच घरात एक पोरगी माह्या बाराखडीची वाट पाहून राहिली होती, हे मले काल समजलं."

पुढे धुरा अरुंद होता. तिने मागे हात केला, मी धरला.